शाळेचाही निकाल लागावा

दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घराण्यांनी ज्या काशीत वेदशास्त्रांचे अध्यापन केले, आणि जिच्या विद्यावैभवाचे गोडवे आपण आवडीने गातो, त्या काशीच्या विद्येचा जमाखर्च एकदा निर्भयपणे मांडावा, या इच्छेने यंदाच्या दिवाळी अंकाचा आरंभ एका विद्यार्थ्याच्या हकिकतीने करीत आहोत.

दलित नेते बाबू जगजीवनराम बिहारातील आरा येथील शाळेत शिकत असता, हिंदूंच्या माठातले पाणी प्याले म्हणून तक्रार झाली आणि अस्पृश्यांकरिता निराळा माठ मांडण्यात आला. तो त्यांनी दोनदा फोडला, तेव्हा कोठे मुख्याध्यापकांनी तो मांडण्याचे सोडून दिले. पुढे पंडित मदनमोहन मालवीयांच्या आमंत्रणावरून ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात आले. तेथे शिष्यवृत्ती मिळाली, दप्तरी सर्व यथास्थित झाले; परंतु वसतिगृहात त्यांना जेवण वाढण्यास नकार मिळे, आणि स्थानिक न्हावी त्यांचे केस कापीत नसत, म्हणून गाझीपुराहून एक दलित न्हावी अधूनमधून येई. अखेर ते कलकत्त्यास गेले आणि १९३१ साली तेथूनच पदवीधर झाले. कर्तृत्वाने असे कलंक आपोआप पुसले जातात म्हणावे, तर १९७८ साली देशाचे संरक्षणमंत्री या नात्याने त्यांनी याच काशीत उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री संपूर्णानंद यांच्या पुतळ्याचे अनावरण केले, आणि त्यानंतर तो पुतळा गंगाजलाने धुण्यात आला.

अशा वातावरणाचा बुद्धीवर काय परिणाम होतो, याचे मोजमापही झाले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूहांतून वाट काढण्याची कोडी घातली. जातीचा उच्चार नव्हता तोवर दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने ती सोडवीत होती, परंतु नावगावासह जात सर्वांसमक्ष पुकारताच त्यांनी सोडविलेल्या कोड्यांची संख्या घटली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलांची बुद्धी तीच होती, पालटली ती खोलीतली हवा. वर्णभेदाने विभक्त केलेल्या शाळा कृष्णवर्णीय मुलांच्या मनात न्यूनभाव रुजवितात, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली म्हटले, त्याचेही मर्म हेच. आणि साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसविलेल्या भीमराव आंबेडकरांचे स्मरण ठेवणाऱ्या मराठी माणसास ते निराळे समजावून देण्याची गरज नाही.

म्हणून गुणपत्रिकेतील तफावत मुलाच्या नावे मांडण्यापूर्वी शाळेची झडती घेतली पाहिजे: मागच्या बाकावर नेहमी कोण बसते, दुपारच्या पंगतीत कोणाशेजारची जागा रिकामी राहते, शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना जात भरवर्गात पुकारली जाते काय. तो अर्ज मुलाच्या हाती निमूटपणे द्यावा, पंगत आणि पाणी एक असावे, बाके आळीपाळीने बदलावीत. यांपैकी कशालाही सरकारी फर्मानाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, आणि दिवाळीची सुटी संपताच त्यांनी एवढे करावे, ही आमची त्यांना कळकळीची विनंती आहे.



— संपादक