उष्मांकांच्या हिशेबापलीकडे

कुपोषित मुलाला भरपूर खायला घातले की ते सुधारते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. अन्नाने मूल जगते, त्याचे वजनही वाढते. परंतु उंची खुरटलेलीच राहते आणि पुढच्या जुलाबाच्या साथीत ते पुन्हा खंगते, हा या क्षेत्रातील डॉक्टरांचा जुना अनुभव आहे. असे का होते, याचे उत्तर अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॉ. जेफ्री गॉर्डन यांनी मुलाच्या आतड्यातील जीवाणूंत शोधले. ते काही अंशी हाती लागले आहे, आणि त्याची दखल घेणे महाराष्ट्राच्याही हिताचे आहे.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे 30 लाख कोटी पेशी असतात, तर जीवाणू 38 लाख कोटी. त्यातील बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात आणि त्याचा मोबदला शरीराला देतात. 2006 मध्ये गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने लठ्ठ उंदरांच्या आतड्यातील जीवाणू जंतुमुक्त उंदरांत सोडले, तेव्हा त्यांच्या अंगावर अधिक चरबी चढली. या प्रयोगाने जगभर खळबळ उडाली आणि लठ्ठपणावरचा रामबाण उपाय सापडल्याच्या थाटात बाजारात पुड्या, गोळ्या व पेये यांचा सुळसुळाट झाला. उंदरावरून माणसाविषयी निष्कर्ष काढण्याची ही घाई विज्ञानाची नव्हे, व्यापाराची होती.

गॉर्डन यांचे अधिक मोलाचे काम लठ्ठांविषयी नसून भुकेल्यांविषयी आहे. ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातील डॉ. तहमीद अहमद व त्यांचे सहकारी या कामात बरोबरीचे भागीदार आहेत. याच संस्थेच्या पूर्वावतारात 1968 मध्ये, कॉलराच्या रुग्णाला ग्लुकोज व क्षार यांचे द्रावण तोंडावाटे देऊन वाचवता येते, हे दाखवून देण्यात आले होते. तेव्हा स्वस्त उपायाची तेथील परंपरा जुनीच.

या दोन गटांनी 2014 मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. निरोगी बालकाच्या आतड्यातील जीवाणूंचा समुदाय वयाबरोबर ठराविक क्रमाने पक्व होत जातो. तीव्र कुपोषित बालकात तो मागे पडतो. मूल दीड वर्षाचे, पण त्याच्या आतड्यातील वस्ती त्याहून लहान बालकाची! रूढ उपचारआहाराने ही तूट तात्पुरती आणि अपुरीच भरून निघते, असेही आढळले. मग, मागे पडलेल्या नेमक्या जीवाणूंना पोसणारे अन्न कोणते, याचा शोध सुरू झाला. हाती आलेले मिश्रण होते हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्ची केळी यांचे.

ढाक्यातील मीरपूरच्या झोपडवस्तीत 12 ते 18 महिने वयाच्या सुमारे 120 कुपोषित बालकांवर त्याची चाचणी झाली व 2021 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना तीन महिने हे मिश्रण आणि उरलेल्यांना तांदूळ, डाळ व दुधाची भुकटी यांचा प्रचलित पूरक आहार देण्यात आला. नव्या मिश्रणात उष्मांक कमी होते. तरीही ते खाणाऱ्या मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. हाडांची आणि मज्जासंस्थेची वाढ ज्यांच्याशी निगडित आहे, अशी प्रथिनेही त्यांच्या रक्तात वाढलेली दिसली. चाचणी लहान होती, काळ थोडा होता. उंचीच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळालेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले खुरटलेली व 25.6 टक्के कृश आढळली. अंगणवाडीतील आहाराचे माप मात्र दीर्घकाळ मुख्यतः उष्मांक व प्रथिने यांतच मोजले गेले. 2009 च्या निकषांत बालकामागे रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने. आकडे भरले की कर्तव्य संपले, अशी समजूत त्यातून रुजली. वास्तविक हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि केळी यांपैकी एकही वस्तू या राज्याला परकी नाही. तरीही ढाक्याची पाककृती उचलून तिचे कंत्राट देऊन मोकळे होणे हा वेडेपणा ठरेल. मेळघाटातील वा नंदुरबारमधील मुलांचे खाणे निराळे, पाणी निराळे. त्यांच्या आतड्यातील जीवाणूही वेगळे असू शकतात. ते आधी तपासले पाहिजेत. भारतीयांच्या आतड्यातील जीवाणूंचा अभ्यास पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये झालेला आहे; म्हणजे त्यासाठी सेंट लुईस गाठण्याची गरज नाही. अंगणवाडीच्या कढईतील अन्न आणि पुण्याची प्रयोगशाळा यांची गाठ घालून देण्याचे काम आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन खात्यांचे आहे. ते करताना पाड्यावरच्या विहिरीचे पाणीही शुद्ध करावे लागेल, कारण गढूळ पाण्याने सतत जुलाब होणाऱ्या मुलाच्या आतड्यात कोणत्याही पिठाने पोसलेले जीवाणू टिकून राहणे कठीण आहे.