फुकटचे सात दिवस

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात बँकेचा संदेश वाचून मी चक्रावलेच. खात्यातून ४९९ रुपये वजा! ह्यांना विचारावं, तर तेच उलट म्हणणार, "आता काय मागवलंस?" म्हणून मुकाट्याने शोध घेतला. भाचीच्या लग्नाआधी मेंदीच्या नक्षा बघायला मी एक ॲप घेतलं होतं, 'सात दिवस मोफत' म्हणून. एक रुपया भरला, चार नक्षा पाहिल्या, लग्न पार पडलं आणि ॲप फोनमधून काढूनही टाकलं. मी विसरले, कंपनी थोडीच विसरते?

तुमच्या घरीही सिनेमाचं, गाण्यांचं नाहीतर मुलांच्या अभ्यासाचं असं काही असेलच. तो एक रुपया ही किंमत नसते, बरं का. खातं खरं आहे ना, हे बघायला तो घेतात, पुष्कळदा परतही करतात. खरा व्यवहार होतो तो आपण पिन दाबतो तेव्हा. 'मुदत संपली की दर महिन्याला परस्पर पैसे काढून घ्या,' अशी परवानगीच आपण देऊन बसतो. यूपीआयवर ही सोय २०२० पासून आहे, तिला ऑटोपे म्हणतात. विम्याच्या हप्त्याला ती फार चांगली. पण दूधवाल्याला 'उद्यापासून नको' म्हणेपर्यंत रतीब चालूच राहतो ना, तसंच हे. ॲप पुसणं म्हणजे नुसतं पातेलं आत नेऊन ठेवणं!

रतीब बंद करायचा तो असा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल, तर तिथे वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा आणि 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करा. पैसे थेट यूपीआयने दिले असतील, तर ज्या ॲपवरून दिले त्यातच ऑटोपेची यादी असते. ती आजच उघडून बघा. माझ्या यादीत आणखी एक पाहुणा बसलेला निघाला, तो मुलाने आणलेला.

मोफत मुदत घेतली की त्याच दिवशी रद्द करावं, असं मी आता ठरवलं आहे. बहुतेक ठिकाणी उरलेले दिवस तरीही मिळतात. काही जण मात्र लगेच दार लावतात, तेवढं आधी वाचून घ्या. तिथे जमत नसेल तर शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी कालनिर्णयावर खूण करा, गॅसच्या नोंदीशेजारी. आणि महिन्याऐवजी वर्षाचा आकडा आधीच निवडलेला नाही ना, हेही पाहा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. मलाही ती आली होती, साड्यांच्या सेलच्या संदेशांत बुडून गेली होती इतकंच. रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणं हेही नियमाबाहेरच. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांना मनाई केली, त्यात हा 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक.

माझ्या ४९९ रुपयांबद्दल कंपनीला लिहिलं, तर 'आमच्या नियमात बसत नाही' असं गोड उत्तर आलं. आता १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ह्यांना मात्र अजून सांगितलेलं नाही.