लाल बूट कोणी घालायचे?

व्रतांच्या कहाण्यांबद्दल आपल्या शिबिरांतून पुष्कळ बोलून झाले. वसा टाकला म्हणून देवीचा कोप ओढवून घेणाऱ्या राण्या आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. गुळगुळीत कागदावरच्या परदेशी परीकथा मात्र 'निरागस' म्हणून सुटतात. वस्तीतल्या वाचनालयाला कोणी जुनी पुस्तके दिली की त्या गठ्ठ्यात त्या असतातच. म्हणून आज डेन्मार्कच्या हॅन्स अँडरसनविषयी लिहिते आहे.

त्याची 'लाल बूट' ही गोष्ट १८४५ सालची. कारेन ही गरीब, अनवाणी मुलगी. म्हातारी चांभारीण तिला जुन्या लाल कापडाचे जोडे शिवून देते. आई वारते, एक श्रीमंत म्हातारी कारेनला सांभाळायला नेते आणि ते जोडे जाळून टाकते. पुढे चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीसाठी नवे बूट घ्यायचे ठरते. कारेन लालच निवडते. म्हातारीला नीट दिसत नाही, म्हणून रंग कळत नाही. प्रार्थनेच्या वेळीही कारेनचे मन बुटांत. पुढे म्हातारी आजारी असताना ती नाचायला जाते. मग ते बूट पायांतून निघेनातच. रात्रंदिवस, काट्याकुट्यांतून ती नाचत राहते. चर्चच्या दारात तलवार घेतलेला देवदूत तिला शाप देतो. शेवटी ती जल्लादाकडे जाऊन पाय तोडून घेते, कुबड्या घेऊन पाद्रीबाबांच्या घरी कामाला राहते आणि पुरेसा पश्चात्ताप झाल्यावर देवाघरी जाते.

आमच्या गटात ही गोष्ट वाचली तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, बूट तर म्हातारीनेच घेऊन दिले ना? मग पाय हिचेच का तोडले?"

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. कारण याच गोष्टीत एक राजकन्या आहे. ती खिडकीत उभी राहून लोकांना दर्शन देते आणि तिच्या पायांत सुंदर लाल चामड्याचे बूट असतात. तिला कोणी देवदूत अडवत नाही. कारेनचे बूटसुद्धा चांभाराने एका सरदाराच्या मुलीसाठी केलेले, तिला ते झाले नाहीत म्हणून दुकानात उरलेले. म्हणजे लाल रंगात पाप नाही, राजघराण्याने तो वापरावा. अनाथ मुलीने हौस केली की मात्र धर्म तलवार काढतो! हौसेवरची ही पाळत आपल्या ओळखीची आहे. एकटी राहणारी बाई जरा बरे पातळ नेसली तर गल्लीत काय बोलले जाते, ते मी वेगळे सांगायला नको.

गंमत म्हणजे हे बूट लेखकाचेच होते. अँडरसनचा बाप चांभार. स्वतःच्या दृढीकरणाच्या वेळी नवे करकरणारे बूट घालून चर्चमध्ये गेलो, सारे लक्ष बुटांतच होते आणि त्याची टोचणी लागली, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. तो मुलगा मोठा होऊन जगप्रसिद्ध लेखक झाला. गोष्टीतल्या मुलीचे मात्र पाय गेले.

चित्रांचीही एक हकीकत आहे. 'काडेपेटीवाली मुलगी' ही कथा १८४५ च्याच डिसेंबरात आली आणि तिच्याआधी चित्र होते. एका पंचांगवजा वार्षिकासाठी अँडरसनकडे चित्रे पाठवण्यात आली. त्यांतले लुंडबी या चित्रकाराचे, काड्या विकणाऱ्या गरीब मुलीचे चित्र त्याने निवडले आणि त्यावर गोष्ट लिहिली. मुलगी थंडीने मरते, आजीबरोबर देवाकडे जाते, चेहऱ्यावर हसू असते. काड्या विकल्या गेल्या नाहीत तर बाप मारील म्हणून ती घरी जात नाही, हे गोष्टीत स्पष्ट लिहिले आहे. पण मी पाहिलेल्या चित्रपुस्तकांत तो बाप कुठेच दिसला नाही. चित्र असते ते तिच्या हसण्याचे. वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि बाप सुटतो.

संक्षिप्त आवृत्त्यांनी तर आणखी घोटाळा केला आहे. त्यांतून देव, प्रार्थना, क्षमा गाळतात आणि शिक्षा ठेवतात. १८३७ च्या 'जलपरी'त तिला राजपुत्राबरोबरच अमर आत्माही हवा असतो. तो गाळला की उरते ती प्रेमासाठी जीभ कापून देणारी, पावलागणिक सुऱ्या रुतत असताना हसणारी पोर. ही गोष्ट आपण मुलींना सांगायची?

तरीही पुस्तके माळ्यावर टाकावीत, असे मला वाटत नाही. अँडरसनची आई धोबीण होती. थंड पाण्यात उभे राहून धुणी धुतली, पुढे दारूला लागली, १८३३ साली गरिबांच्या धर्मादाय निवासात वारली. १८५२ मध्ये त्याने अशाच एका धोबिणीची गोष्ट लिहिली. गावचा महापौर तिच्या मुलाला सुनावतो की तुझी आई दारुडी, कुचकामी आहे. ती मेल्यावर मुलगा शेजारच्या लंगड्या मारनला विचारतो, आई खरेच कुचकामी होती का? मारन ठासून नाही म्हणते आणि देवही तेच म्हणेल, असे सांगते. तलवारवाला देवदूत इथे नाही. इथे देवाची साक्ष काढते ती शेजारीण, जिने धोबिणीचे कष्ट डोळ्यांनी पाहिलेत.

या गोष्टीचे मुलांसाठीचे चित्रपुस्तक अजून माझ्या हाती आलेले नाही. कुणा मैत्रिणीकडे असेल, किंवा आपल्यातली कोणी चित्रे काढून ते करायला तयार असेल, तर जरूर कळवा. मजकूर मी लिहून देईन.