पोर्ट्रेट लेन्सची परीक्षा भिंतीवर नको

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बेंचमार्कचा भारी सोस. नवी लेन्स आली की टेस्ट चार्ट भिंतीला चिकटवायचा, फोटो काढायचा आणि कोपरे मोठे करून मार्क द्यायचे. डोंगरदऱ्यांच्या फोटोंसाठी ठीक आहे हो. पण पोर्ट्रेटच्या कोपऱ्यात असतं काय? बहुतेक वेळा धूसर पडदा!

निक्कॉर 105 मिमी एफ/2.5 ही मॅन्युअल फोकस लेन्स घ्या. स्टीव्ह मॅकरीने 1984 साली 'अफगाण गर्ल' याच लेन्सने टिपली. तो फोटो बघताना कोपऱ्यांकडे लक्ष जातं का? नजर डोळ्यांवरून हलत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. चार्ट सपाट असतो, चेहरा नसतो. म्हणून परीक्षा चेहऱ्यावरच घ्यावी. जवळच्या डोळ्याच्या पापण्या सुट्या सुट्या दिसतात का? उजेडातल्या केसांना जांभळी किनार येते का? मागचे दिवे अलगद विरघळतात की त्यांच्या कडा टोचतात?

पण त्याआधी फोकस तपासा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, दीड मीटरवरून, एफ/2.5 ला जेमतेम 3 सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. समोरचा जरा डुलला तरी ती गेली! तेव्हा ट्रायपॉड लावा, लाइव्ह व्ह्यू मोठा करून डोळ्यावर फोकस करा, दहा-बारा फोटो काढा आणि त्यातला सर्वांत चांगला बघा. नाहीतर 'लेन्स सॉफ्ट आहे' हा निकाल लेन्सचा नसून आपल्या बोटांचा असतो.

आकडे जरूर वाचा. पण एक फोटो छापून, ज्याचा काढला त्याच्या आईला दाखवा. ती कोपरे बघणार नाही.