राखणीचा हिशेब



ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर चढणाऱ्या राखणदाराची मोठी पंचाईत असते. दिवसभर गोफण फिरवून त्याने किती पाखरे हाकलली, हे कोणी मोजत नाही. संध्याकाळी बांधावरून जाणारा-येणारा मोजतो ती खाल्लेली कणसे. फुटबॉलमधल्या गोलरक्षकाचेही तसेच असते. आज पीकपाणी जरा बाजूला ठेवून अशाच एका राखणदाराची हकिगत सांगतो.

कोल्हापूरकडच्या वाचकांना हा खेळ समजावून सांगायला नको. विश्वचषक आला की तिथल्या पेठांतून ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. बाकीच्यांसाठी एवढेच सांगतो, की एका बाजूला अकरा गडी असतात आणि त्यांतल्या एकालाच आपल्या हद्दीत चेंडू हाताने धरायची मुभा असते. तोच गोलरक्षक.

आपल्या हकिगतीतला गोलरक्षक मेक्सिको देशाचा. नाव आंतोनियो कार्बाखाल, जन्म ७ जून १९२९ चा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला तो गेला होता. त्याच ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. पुढे १९५० च्या विश्वचषकात भारतालाही जागा मिळाली होती, पण आपला संघ गेला नाही. कार्बाखाल मात्र गेला, आणि त्याची पहिलीच गाठ पडली यजमान ब्राझीलशी. २४ जून १९५० हा दिवस, रिओ शहरातले नवेकोरे माराकाना मैदान आणि एकवीस वर्षांचा पोरगा. चार गोल झाले. पुढच्या सामन्यात युगोस्लाव्हियाने चार केले, त्यानंतर स्वित्झर्लंडने दोन. या शेवटच्या सामन्यात तर दोन्ही संघांच्या कपड्यांचे रंग सारखे निघाले, म्हणून मेक्सिकोने गावातल्या एका क्लबाचे सदरे उसने घेऊन वेळ भागवली!

तीन सामन्यांत दहा गोल. पहिल्याच पेरणीला बियाणेही परत आले नाही म्हणायचे.

१९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याला एकच सामना मिळाला, फ्रान्सविरुद्धचा. मेक्सिको दोन गोलांनी मागे होते, ते पंच्याऐंशीव्या मिनिटाला २-२ असे बरोबरीत आले. सामना नव्वद मिनिटांचा. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी मिळाली आणि तोंडाशी आलेला घास गेला. १९५८ ला स्वीडनमध्ये आधी यजमानांनी तीन गोल केले आणि शेवटी हंगेरीने चार. मधला वेल्सशी झालेला सामना तेवढा शेवटच्या क्षणी १-१ असा सुटला. विश्वचषकात मेक्सिकोला मिळालेला हा पहिला गुण!

गोलरक्षकाला तेव्हा आजच्यासारखी साधने नव्हती. जाड, गादीचे हातमोजे रुळलेले नव्हते. बदली खेळाडू उतरवण्याची सोयही विश्वचषकात १९७० पासून आली. त्याआधी गोलरक्षक जायबंदी झाला तर लंगडत उभे राहायचे, नाहीतर दुसऱ्या कोणा गड्याने त्याची जागा घ्यायची.

आता १९६२ साल. जागा चिली देश. माझ्या मते या माणसाचा खरा हिशेब इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिला सामना पुन्हा ब्राझीलशी. या वेळी मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. पुढे झागालो आणि पेले यांनी एकेक गोल करून सामना जिंकला. बारा वर्षांपूर्वी चार खाल्ले होते, आता दोन. दुसरा सामना ३ जूनला स्पेनशी. त्या संघात पुश्काश आणि खेंतो यांच्यासारखे जगप्रसिद्ध गडी होते. एकोणनव्वद मिनिटे कार्बाखालने त्यांना दाद दिली नाही. शेवटच्या मिनिटाला खेंतो डाव्या बाजूने सुटला आणि पेइरो या गड्याने गोल केला. मेक्सिको स्पर्धेबाहेर.

चार दिवसांनी चेकोस्लोव्हाकियाशी शेवटचा सामना होता. तारीख ७ जून, म्हणजे कार्बाखालचा तेहतिसावा वाढदिवस. खेळ सुरू झाला आणि सोळाव्या सेकंदाला त्याच्या जाळ्यात चेंडू! विश्वचषकातला सर्वांत झटपट गोल म्हणून तो पुढे चाळीस वर्षे गाजत राहिला. दुसरा एखादा संघ तिथेच बसला असता. मेक्सिकोने मध्यंतराआधी दोन गोल फेडले, शेवटी पेनल्टीवर तिसरा केला, आणि कार्बाखालने दुसरा गोल होऊ दिला नाही. ३-१. विश्वचषकातला मेक्सिकोचा हा पहिला विजय.

कोणी म्हणेल, चेकोस्लोव्हाकियाची पुढची फेरी आधीच पक्की झाली होती, म्हणून ते सैल खेळले असतील. असतीलही. पण पाटी-पेन्सिल घ्या आणि एक गणित करून पाहा. तेव्हा विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण असे. स्पेनचा तो शेवटच्या मिनिटातला गोल अडला असता तर मेक्सिकोचे तीन गुण झाले असते. चेकोस्लोव्हाकियाचेही तीनच होते. अशा वेळी केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून निकाल लावत. मेक्सिकोचे तीन भागिले तीन, चेकोस्लोव्हाकियाचे दोन भागिले तीन. म्हणजे मेक्सिको पुढे गेले असते आणि चेकोस्लोव्हाकिया घरी. तोच चेकोस्लोव्हाकिया पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला! एका मिनिटाच्या अवकाळीने हातचे पीक गेले, ते असे.

पदरात काय पडले, असे आपल्या घरात विचारतात तसे त्यालाही कोणी विचारले असेल. पाच विश्वचषकांत अकरा सामने, त्यांत आठ पराभव, दोन बरोबऱ्या, एक विजय. गोल झाले पंचवीस. हा आकडा पाहून त्याला कच्चा ठरवणारे मला पटत नाहीत. पहिल्या तीन सामन्यांत दहा आणि शेवटच्या चारांत मिळून चार, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे.

शेवटचा सामना १९ जुलै १९६६ चा, लंडनच्या वेम्बली मैदानावर, उरुग्वेविरुद्ध. वय सदतीस. आधीच्या दोन सामन्यांत दुसरा गोलरक्षक होता, या वेळी त्याला उतरवले. पाच विश्वचषकांत खेळणारा तो पहिलाच माणूस ठरला. त्याची बरोबरी व्हायला १९९८ साल उजाडले. ती जर्मनीच्या लोथार माथेउसने केली. मेक्सिकोत लोक त्याला 'पाच कपवाला' म्हणत.

क्लबाच्या खेळात तो १९५० पासून लिऑन या एकाच गावाकडून खेळला. चामड्याच्या कामासाठी आणि पायताणांसाठी नावाजलेले हे गाव. तिथेच ९ मे २०२३ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी तो वारला.

उरुग्वेविरुद्धच्या त्या शेवटच्या सामन्याचा निकाल सांगायचा राहिलाच. ०-०. विश्वचषकात त्याच्यावर एकही गोल न झालेला हा एकमेव सामना.