ठेवीला पायघड्या, लुटीला कानावर हात

ज्येष्ठांची ठेव मिळावी म्हणून जादा व्याजाच्या पायघड्या घालणाऱ्या बँका, तीच ठेव लुटली गेली की ‘पैसे तुम्हीच पाठविलेत’ म्हणून कानावर हात ठेवतात! रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला; पण तो परस्पर झालेल्या व्यवहारांपुरता. ‘डिजिटल अरेस्ट’चा भामटा वृद्धाला धाक घालून त्याच्याच हातून रक्कम पाठवून घेतो. तेथे हे कवच निकामी ठरते.

आणि ती रक्कम जाते कोठे? दुसऱ्या बँकेतील भाडोत्री खात्यात! १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला अशा खात्यांमागील बँक अधिकाऱ्यांचीही चौकशी करण्यास सांगितले, ते उगाच नव्हे. ब्रिटनचे गोडवे गाण्याची आम्हास हौस नाही. पण तेथे ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीची भरपाई, ८५ हजार पौंडांपर्यंत, पाठविणारी व स्वीकारणारी बँक निम्मी-निम्मी सोसते.

कंधारच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने जन्माची पुंजी एका दुपारी अनोळखी खात्यात वळविली, तर ती चार तास रोखून शाखेने एक दूरध्वनी करणे अशक्य आहे काय? हे कर्तव्य कायद्यात लिहा, आणि ते चुकल्यास भरपाई बँकेच्या नफ्यातून वसूल करा.