व्यायामाचे भजनी मंडळ

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग नळदुर्गचा किल्ला मागे टाकतो, त्यानंतर तुळजापूर तालुक्यातील जळकोट लागते. (लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट ते निराळे.) अशा गावी ‘व्यायामवर्ग’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणारा हसण्याचाच संभव अधिक. दिवसभर रानात राबणाऱ्याला आणखी कसला व्यायाम हवा? एकेकाळी हा प्रश्न बिनतोड होता. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते आणि बांधापर्यंत दुचाकी जाते. उरलेली खुरपणी-काढणी तासन्‌तास कंबर वाकवून ठेवणारी, आणि तीही बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली; तिने देशातील मधुमेहींचा अंदाज दहा कोटींवर नेला. हा शहरी श्रीमंतांचा रोग आहे, या समजुतीवर विसंबून राहणे खेड्याला आता परवडणारे नाही.

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा उसनी आणावी लागत नाही. समर्थांनी गावोगावी मारुती स्थापिला आणि त्याच्या सान्निध्यात बलोपासना रुजविली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. त्याच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविले. मराठवाड्याची वाट मात्र बिकट होती. निजामी अमलात आखाडा काढावयाचा तरी सरकारी परवानगीचे झेंगट मागे लागे.

या परंपरेचा अभिमान बाळगूनही एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. तालमीची नजर कुस्तीवर असे. ज्याला फडात उतरायचे नाही, ज्याची तिशी उलटली आहे, त्याला तेथे पाहुण्यासारखेच बसावे लागे. आणि स्त्रीला तर उंबरठाच बंद. परिणामी व्यायाम म्हणजे पहिलवानाचे काम, ही समजूत समाजात घट्ट बसली.

या बाबतीत आपल्या भजनी मंडळाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे येणाऱ्याला कोणी गळ्याची परीक्षा विचारत नाही. वार ठरलेला, जागा ठरलेली, टाळ धरणारा एक जाणता. बाकीचे केवळ गोडीने येतात आणि वर्षानुवर्षे येत राहतात. व्यायामवर्ग चालवायचा तर तो असाच, छंद म्हणून. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार हा प्रजेच्या नित्याचा विषय केला, शाळाशाळांतून तो नेला, त्यामागेही हीच दृष्टी होती. त्यासाठी ना यंत्र लागते, ना हौद्यातली लाल माती. सतरंजीएवढी जागा पुरे.

आरंभशूरपणा हा आपला जुना दोष. पहिल्या दिवशी पन्नास नमस्कार घालणारा उत्साही गृहस्थ चौथ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही. तीन-चार नमस्कारांनी सुरुवात करावी, आठवड्याला एक-दोन वाढवावेत. श्वास इतकाच चढावा की शेजाऱ्याशी बोलता येईल. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी चालण्यापासून आरंभ करावा. रक्तदाब वा हृदयविकार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. कोजागरीला पायी तुळजापूर गाठणाऱ्या भाविकांच्या या मुलखात ही मागणी जड वाटू नये. मात्र वर्षातून एकदा केलेली वारी उरलेल्या तीनशे दिवसांची भरपाई करीत नाही.

खरी कसोटी स्त्रियांच्या वर्गाची आहे. २०२२ च्या स्थितीविषयीचा एक जागतिक अभ्यास सांगतो की, भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांना पुरेशी शारीरिक हालचाल घडत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. त्यांना हौस नाही, असे म्हणण्यास आधार नाही. याच जिल्ह्यातील सारिका काळे भारतीय खो-खो संघाची कर्णधार झाली आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. परंतु शाळेत खो-खो खेळलेली मुलगी सासरी आली की तिचे मैदान संपते. पहाटेचा वर्ग तिच्या कामाचा नाही. त्या वेळी चूल, पाणी, डबे आणि धार काढणे तिची वाट पाहत असते. तिला सोयीची वेळ म्हणजे दुपार कलल्यानंतरची, आणि पेरणी-सुगीत तीही नाही. तेव्हा त्या दिवसांत वर्ग खुशाल बंद ठेवावा, फक्त पुन्हा उघडण्याची तिथी आधीच जाहीर करावी. शिकविणारी बाईच असावी, तिला गावाने वर्गणीतून मानधन द्यावे आणि शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकाची किल्ली तिच्याकडेच असावी.